गोलकीपर गोल सोडून पळतो तेव्हा

ताई, नमस्कार.

माझं वय ४७. तरुणपणी पेठेतल्या तालमीच्या संघातून नऊ वर्षं लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू म्हणून खेळलो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर भरलेल्या गॅलरीसमोर खेळलोय. गुडघा गेला तेव्हा थांबलो. आता हार्डवेअरचं दुकान आहे.

दिवाळीत भाच्यानं त्याचा जुना प्लेस्टेशन (पीएस४) आमच्या पोराला दिला, सोबत फिफा १९ ह्या फुटबॉलच्या गेमची सीडी. पोरगं आठवीत आहे. म्हटलं, आपलाच खेळ आहे, बसूया. सहा-शून्य. दुसऱ्या दिवशी सात-एक, आणि तो एकसुद्धा त्याच्याच बॅकच्या पायाला लागून आत गेलेला. माझे खेळाडू माझं ऐकतच नाहीत. मी उजवीकडे न्यायला बघतो, तो डावीकडे पळतो. गोलकीपर मध्येच भूत बघितल्यासारखा गोल सोडून धावत सुटतो. टॅकलला जावं तर समोरचा निघून गेलेला असतो. एकदा माझ्या बॅकनं झकास बॉल काढला आणि दुसऱ्या क्षणाला कारण नसताना तो गॅलरीत भिरकावला.

वैतागून म्हणालो, "ह्यात कसला आलाय फुटबॉल? बटणं तर दाबायची." कार्टं शांतपणे म्हणालं, "मग दाबा की पप्पा." बायको हसली. त्या दिवसापासून मी त्या खोलीत बसलेलो नाही, आणि तोही मला "खेळता का" म्हणून विचारत नाही. रविवारी सकाळी माझ्याबरोबर ग्राउंडवर यायचा, तेही बंद.

हा खेळ नक्की खेळतात कसा? की आमच्या वयाला हे जमतच नाही? आणि पोराला ग्राउंडवर परत कसं आणू?

— एक माजी लेफ्ट बॅक, कोल्हापूर

*

दादा,

तुमच्या गोलकीपरला भूतबित काही दिसलेलं नाही. त्याला तुम्हीच हाक मारताय.

बॉल आपल्याकडे असताना त्रिकोणाचं बटण दाबलं की दोन बॅकच्या मधल्या फटीतून थ्रू पास जातो. बॉल समोरच्याकडे असताना तेच बटण धरलं की आपला गोली गोल सोडून पुढे येतो. तुम्ही थ्रू टाकायला जाता, नेमकं तेव्हाच पोरगं बॉल काढून घेतं, तुमचा अंगठा अजून त्रिकोणावरच दाबलेला, आणि गोली निघाला गोकुळ शिरगावला. मागे गोल मोकळा. तुमच्या सहातले दोन तरी असेच गेले असणार, पैज लावते.

गॅलरीत भिरकावलेल्या बॉलचंही तसंच. वर्तुळाचं बटण, ज्याला पोरं सर्कल म्हणतात, ते बॉल आपल्याकडे असताना शॉटचं आणि नसताना टॅकलचं. आपण घाबरून तीनदा दाबतो. पहिल्या दाबाला बॉल मिळतो आणि तेवढ्यात दुसरा दाब शॉट होऊन बसतो. टॅकल एकदाच दाबायची. दाबली, की अंगठा उचलायचा. चौकोनाला बचाव करताना पहिला महिना हातच लावू नका. त्यानं घसरून टॅकल होते, आणि चुकली की तुमचा माणूस जमिनीवर आणि पोराचा माणूस गोलसमोर. एक्सनं साधा पास. एवढ्या चार बटणांवर निम्मा खेळ चालतो. फक्त बॉल कुणाकडे आहे त्यावर प्रत्येकाचा अर्थ बदलतो, आणि तो बदल डोक्याच्या आधी अंगठ्याला कळावा लागतो. पोराला तो कळतो. तुम्हाला अजून डोक्यातून जावं लागतं. त्याचा वयाशी संबंध आहे तो थोडासाच, बाकी सवय.

आता तुमचे खेळाडू ऐकत का नाहीत ते. नऊ वर्षं तुम्ही मैदानावर एकच माणूस होतात. डावी बाजू तुमची, बाकी दहा जणांचं ते बघून घेतील. पडद्यावर तुम्ही कायमचे कुणीच नसता. ज्याच्या डोक्यावर ती छोटी खूण दिसते तो त्या घडीला तुमचा, उरलेल्या दहांना कॉम्प्युटर फॉर्मेशनप्रमाणे हलवत असतो. कंट्रोलरवरचं एल१ बटण दाबलं की खूण दुसऱ्याच्या डोक्यावर जाते. आणि गोम इथेच आहे. तुमचा डावा अंगठा कंट्रोलरवरची छोटी काठी ज्या दिशेला दाबून बसलेला असतो, नवा माणूस मिळाल्या मिळाल्या त्याच दिशेला धावतो. आधीच्या माणसासाठी ती दिशा बरोबर होती, नव्यासाठी उलटी. म्हणून तो पळतो भलतीकडे आणि तुम्हाला वाटतं हा ऐकत नाही. एल१ दाबताना डावा अंगठा क्षणभर सैल सोडायचा, नवा कोण मिळाला ते बघायचं, मग ढकलायचं. आणि बदल लवकर करायचा. बॉल हवेत असतानाच पुढचा माणूस धरायचा, बॉल पोचल्यावर नाही. थोडा हात बसला की उजव्या काठीनं नेमका हवा तोच माणूस निवडता येतो, त्या बाजूला टिचकी मारायची. सेटिंगमध्ये ऑटो स्विचिंग नावाचा प्रकार आहे, तो फक्त हवेतल्या बॉलपुरता ठेवा. नाहीतर गेमच तुमच्या हातातला माणूस बदलत राहतो आणि शिव्या खेळाडू खातात.

आपल्या पिढीनं कॉम्प्युटरवर ‘क्रिकेट ०७’ खेळलंय, त्यात हा ताप नव्हता. एका वेळी एक बॅट, एक बॉल, वेळ गाठली की फोर. फुटबॉलच्या गेममध्ये मात्र ज्याच्याकडे बॉल नाही त्याचंच काम जास्त.

आणि ते काम तुमचं आहे दादा. तुम्ही बॅक होतात, म्हणून ह्या भागावर जरा रेंगाळते.

मी हा खेळ सांगलीत एका गेम पार्लरमध्ये शिकले, पीएस२ वर, ‘विनिंग इलेव्हन’ नावाच्या फुटबॉलच्या गेमवर. भाऊ शाळेला दांडी मारून जायचा आणि मी त्याची चहाडी करू नये म्हणून मलाही न्यायचा. तेव्हा बचाव म्हणजे एक्स दाबून ठेवणे. आपला माणूस कुत्र्यासारखा बॉलच्या मागे लागायचा आणि काढून आणायचा. फिफातही बरीच वर्षं असंच होतं. मग २०११ साली फिफा १२ आला आणि कंपनीनं बचावाची पद्धतच बदलली. बटण धरून बॉल आपोआप मिळणं बंद. जागा धरायची, अंतर ठेवायचं, वेळ साधून पाय घालायचा. मी लग्न, नोकरी, मुलं ह्यातून डोकं वर काढून कितीतरी वर्षांनी दिराच्या मुलासमोर बसले आणि जुन्या पद्धतीनं धावत सुटले. स्कोअर सांगत नाही. तुमच्यापेक्षा वाईट होता.

तर असं बघा. पोराचा उजवा विंगर बॉल घेऊन तुमच्या डाव्या बाजूनं येतोय. म्हणजे बरोब्बर तुमच्या जुन्या जागेवर. आत्ता तुम्ही काय करता? आर२ दाबून पळत त्याच्या अंगावर जाता. आर२ म्हणजे फुल स्पीड. फुल स्पीडमध्ये माणूस वळत नाही. पोरगं काठी जरा आत ओढतं, तुमचा बॅक सरळ रेषेत निघून जातो, संपलं. आता आर२ सोडा आणि एल२ धरा. तुमचा बॅक अंग वळवून, गुडघ्यात किंचित वाकून, समोरच्याकडे तोंड करून मागे-मागे सरकायला लागेल. ह्याला जॉकी म्हणतात. तुमच्या कोचनं ह्याला काय म्हटलं असेल मला माहीत नाही, पण तुम्ही हेच करत होतात. गोल आणि विंगर ह्यांच्या मधोमध राहायचं, आतली वाट बंद करून बाहेरची दाखवायची, आणि वाट बघायची. त्याला घाई आहे, तुम्हाला नाही. कधीतरी तो पळताना बॉल पायापासून हातभर पुढे टाकणार. त्या हातभर अंतरात सर्कल, एकदा.

पहिल्यांदा जमेल तेव्हा पोरगं तुमच्याकडे मान वळवून बघेल.

आणखी एक गोष्ट, जी बऱ्याच पोरांनाही उशिरा उमगते. बॉल मधल्या भागात असताना मागचे चार बॅक हातात घेऊच नका. त्यांना कॉम्प्युटर ओळीत ठेवतो, बऱ्यापैकी ठेवतो. तुम्ही एकाला ओळीतून बाहेर ओढलंत की तिथं भगदाड पडतं आणि पोराचा थ्रू नेमका तिथून येतो. त्याऐवजी बॅकच्या पुढे उभा असलेला बचावात्मक हाफ हातात घ्या आणि त्याला बॉलवर न पाठवता पासच्या वाटेत उभा करा. बॉल असलेला माणूस आणि ज्याला तो पास देणार तो माणूस, ह्यांच्या मधल्या रेषेवर. आर१ धरलं की दुसरा एखादा खेळाडू आपणहून जाऊन दबाव टाकतो, पण त्याचीही जागा रिकामी पडते. तेव्हा उधारीसारखं वापरा, जपून.

धावण्याच्या शर्यतीत तुम्ही तसेही हरणार. प्रत्येक खेळाडूला वेग, शूटिंग, पासिंग वगैरेंचे ९९ पैकी गुण असतात. तुमचं पोरगं पीएसजी, म्हणजे पॅरिसची टीम घेत असणार, बरोबर? त्या आवृत्तीत त्यांच्या एम्बापेचा वेग ९६ आहे. तुमचा साधासुधा बॅक त्याच्या मागे धावून काय करणार? त्याला धावायला जागाच मिळू नये ह्याची तजवीज आधी. आणि टीमनिवडीच्या वेळी नावाखालचे तारे बघा. तो पाच ताऱ्यांची टीम घेऊन बसला आणि तुम्ही प्रेमापोटी कुठली साडेतीन ताऱ्यांची उचललीत, असं होत असेल तर दोघांनी सारखे तारे घ्यायचे. ह्यात कमीपणा काही नाही.

हल्ल्याचं थोडक्यात सांगते. सतत आर२ धरून पळू नका, बॉल पायापासून लांब जातो आणि माणूस दमतो. साठाव्या मिनिटानंतर दमलेले बदला. शॉटचं बटण धरून ठेवलं की जोराची पट्टी भरत जाते. निम्मी भरली की सोडा, पूर्ण भरलेला बॉल थेट पंचगंगेत. बाकी त्या उजव्या काठीवरच्या गिरक्या आणि टाचा पोरांना करू देत.

कॅमेऱ्याचंही बोलायला हवं. तुम्ही फुटबॉल जमिनीवरून बघितलाय, समोरच्याची छाती आणि बॉल एका उंचीवर. गेम बघतो शाहू स्टेडियमच्या गॅलरीतून. तिथून मैदान वेगळं दिसतं, बाजू बदलतात, लेफ्ट बॅक एका हाफला पडद्याच्या वर आणि दुसऱ्याला खाली. सेटिंगमध्ये जाऊन कॅमेऱ्याची उंची वाढवा आणि झूम कमी करा, म्हणजे जास्त माणसं एकदम दिसतील. पडद्याच्या खाली ठिपक्यांचा छोटा नकाशा असतो, त्याच्याकडे मधूनमधून नजर टाकायची. अजून सवय नसेल तर ते ठिपके म्हणजे मुंग्या वाटतात, मला वाटायचे.

सराव दुकान बंद केल्यावर, पोरगं झोपल्यावर करा. कॉम्प्युटरविरुद्ध, अॅमॅच्युअर लेव्हलला, हाफ सहा मिनिटांचा. म्हणजे बारा मिनिटांत सामना संपतो. रोज दोन सामने, आणि त्यातला एक सामना गोल मारायचाच नाही असं ठरवून, नुसता बचाव. सहज जिंकायला लागलात की सेमी-प्रो. हे करून दोन महिने तरी तुम्ही पोराकडून हराल. मग दोन-एक, एक-एक असं काहीतरी दिसायला लागेल.

आता त्या वाक्याबद्दल. "ह्यात कसला आलाय फुटबॉल" हे तुम्ही हरत असताना बोललात. ग्राउंडवर सात गोल खाल्लेल्या टीमनं "ग्राउंडच वाईट होतं" म्हटलं असतं तर तुमच्या तालमीतल्या जुन्या खेळाडूंनी काय म्हटलं असतं? पोरानं फार सभ्यपणे उत्तर दिलंय. शिवाय वर सांगितलेलं सगळं बघा, अंतर, वाट बंद करणं, माणूस ओढला की भगदाड पडणं. ह्यातलं काय फुटबॉलच्या बाहेरचं आहे? दम आणि गुडघा सोडून. तुम्ही म्हणालात त्यात तेवढंच खरं आहे, आणि ते थोडं नाही, मान्य. पण ते त्याला सांगायची ती वेळ नव्हती.

माफी बिफी मागायच्या भानगडीत पडू नका, तेरा वर्षांच्या पोराला बापाची माफी झेपत नाही, तो नजर चुकवतो. सरळ जाऊन विचारा, "माझा गोली पुढे का पळतो रे?" उत्तर तुम्हाला आता माहीत आहे, तरी विचारा. शिकवताना पोरं फुलतात. तो तुमच्या हातातून कंट्रोलर ओढून घेईल, "असं नाय ओ पप्पा" म्हणेल, ते ऐकून घ्या.

मग त्याला म्हणा, एका बाजूनं खेळू. टीम निवडायच्या पडद्यावर दोन्ही कंट्रोलरच्या खुणा एकाच बाजूला सरकवल्या की दोघं मिळून कॉम्प्युटरविरुद्ध खेळता येतं. माझ्या मते तुमच्या घराला हाच प्रकार लागू पडेल. दोघांच्या डोक्यावर वेगळ्या रंगाची खूण असते. तो पुढे, तुम्ही मागे. तुम्ही बॉल काढायचा, त्याला द्यायचा, तो मारणार. "सोड, सोड, मी घेतो", "मागे माणूस आहे", "दे की लवकर", असं आपोआप तोंडातून यायला लागतं. तुम्ही नऊ वर्षं जे ओरडत होतात तेच. आणि एकमेकांविरुद्धच खेळायचं झालं तर किक-ऑफ ह्या साध्या सामन्याच्या प्रकारात हाउस रूल्स, म्हणजे गमतीचे वेगळे नियम आहेत, फिफा १९ पासूनच आले ते. त्यात सर्व्हायव्हल नावाचा एक नियम आहे, जो गोल करेल त्याचाच एक खेळाडू मैदानाबाहेर जातो. पोरानं तीन मारले की त्याचे आठ उरतात. "मला एखादी मॅच जिंकू दे" असं मात्र चुकूनही म्हणू नका, आणि बायकोलाही तसं म्हणू देऊ नका. मुद्दाम सोडलेला गोल बघताक्षणी कळतो, आणि मग दोघांनाही पुढे खेळावंसं वाटत नाही.

ग्राउंडचं विचारलंत. एक तास ग्राउंड तर एक तास गेम, असले सौदे करू नका. ग्राउंड म्हणजे गेमसाठी भरायचा दंड होऊन बसतो. शिवाय तो यायचा बंद झाला तो गेममुळे की तुमच्यातल्या अबोल्यामुळे, हे तुम्हाला नक्की कळलंय का? तारखा बघा. पत्रात दोन्ही एकाच परिच्छेदात आहेत.

त्याऐवजी सीझन सुरू असताना त्याला एखाद्या चांगल्या सामन्याला शाहू स्टेडियमवर घेऊन जा. खेळाडू म्हणून नाही, बघायला. गॅलरीत वर, मधोमध बसा. त्याला ते मैदान पहिल्यांदाच त्याच्या गेमच्या उंचीवरून दिसेल. पाच-दहा मिनिटं काही बोलू नका, शेंगा खा. मग कुणाचा तरी बॅक ओळीतून बाहेर पडेल, पडतोच, तेव्हा हळूच विचारा, "आता तू कुणाकडे स्विच केलं असतंस?" तो बोट दाखवेल. तुम्हाला पटलं नाही तर तुम्ही दुसरीकडे दाखवा. वाद घाला, हवा तेवढा. तिथं त्याला अनिकेत जाधवचं उदाहरण देऊन भाषण मात्र करू नका. कोल्हापूरचं पोरगं २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळलं, हे त्याला माहीत असणारच. रविवारी तो आपणहून बूट शोधेल की नाही, ते मी सांगू शकत नाही. नाही शोधले तरी तुमच्याकडे बोलायला विषय झालेला असेल.

एक काळजीची गोष्ट राहिली. ह्या मालिकेच्या गेममध्ये अल्टिमेट टीम नावाचा एक भाग असतो, त्यात खेळाडूंची पाकिटं मिळतात आणि ती खऱ्या पैशांनीही घेता येतात. आत कोण निघेल ते फोडल्यावरच कळतं. बेल्जियममध्ये २०१८ साली ह्याला जुगार ठरवलं आणि पुढच्या वर्षी कंपनीनं तिथं त्यासाठीचे पॉइंट विकणं थांबवलं. आपल्याकडे ते घरातल्या माणसांनीच बघायचं. दुकानाचं कार्ड पीएस४ च्या अकाउंटला जोडलेलं नाही ना, आजच बघा. जोडलेलं असेल तर काढा आणि का काढलं ते त्याला सरळ सांगा.

आणि हो, दोन्ही कंट्रोलर चार्जिंगला लावायचं काम स्वतःकडे घ्या. पीएस४ च्या कंट्रोलरची बॅटरी लवकर उतरते, आणि ऐंशीव्या मिनिटाला नेमका पाहुण्याच्या हातातला कंट्रोलर बंद पडतो. आमच्या घरात तो पाहुणा कायम मी असायचे, म्हणून म्हटलं.

तुमची,
ताई